सात नंबरावर कोण आहे

त्या वर्षी नांद्यात लाईटीचा नुसता खेळखंडोबा होता. गिरणी बंद, पंखे बंद, मालिका ऐन रंगात आली की टीव्ही बंद. पण बहिरूच्या घरातली एक वस्तू कधी म्हणजे कधी बंद पडत नव्हती, आणि ती म्हणजे माजघराच्या फळीवरचा वायफायचा डबा. त्याच्यासाठी बहिरूच्या बायकोने, चंद्राबाईने, खास इन्व्हर्टर आणवला होता. म्हातारा बहिरू घामाने निथळला तरी चालेल, पण डब्यावरचा हिरवा दिवा विझता कामा नये. सकाळी देवाची पूजा झाली की त्या डब्यालाही हळदीकुंकवाचं बोट लागायचं. बाहेरच्या माणसाला हसू येईल. घरात मात्र कोणाची हसायची बिशाद नव्हती, कारण चंद्राबाईचा लेक शेखर रोज संध्याकाळी त्या डब्यावाटे घरी येत होता.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर ऐकणारा म्हणेल काहीतरीच काय.

शेखर म्हणजे हौशी गडी. हिंजवडीला कंपन्या आल्या, तसं यांनी ओढ्याकडचं रान विकलं आणि घराच्या मागं चार खोल्या बांधून आयटीतल्या पोरांना भाड्याने दिल्या. शेखरने लगेच इंटरनेटची लाइन घेतली, डबा बसवला, स्वतःला वायफायवाला महागडा फोन घेतला. भाडेकरूंपैकी अमोघ नावाचा नांदेडचा पोरगा होता, नेटवर्कच्याच कामातला. त्याच्या मागं लागून शेखरने अशी सोय करून घेतली की ज्यांची नावं डब्यात नोंदवलीत तेवढ्याच फोनांना आणि लॅपटॉपांना आत घ्यायचं, प्रत्येकाला ठरलेला नंबर द्यायचा. शेजारच्या साइटवरच्या फुकट्यांना नेट वापरू द्यायचं नव्हतं. स्वतःला त्याने सात नंबर मागून घेतला, कबड्डीत सात नंबरची बनियन घालायचा म्हणून.

मग आदल्या श्रावणात तो एकटाच मुळशी धरणाच्या पाण्याकडं गेला. काठावर मोटरसायकल सापडली, शेजारी चपलांचा जोड नीट जोडून ठेवलेला. शेखर सापडला नाही. होड्या फिरल्या, गळ टाकले, बुड्या मारणारे आले आणि हात हलवत परत गेले. फोनही त्याच्याबरोबरच गेला.

पौडच्या गुरुजींनी सांगितलं की देह मिळत नसला तर पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि पुढचं सगळं रीतीने उरकायचं. बहिरूने छातीवर दगड ठेवून पानं गोळा करायला माणूस धाडला. आणि नेमका त्याच संध्याकाळी अमोघ ओट्यावर येऊन बोलून गेला, "काकू, मघाशी शेखरचा फोन नेटला लागला होता. डब्याच्या पानावर, कोण कोण जोडलंय त्या यादीत, नाव दिसलं."

झालं. त्या दिवसापासून चंद्राबाईने पुतळ्याचं नाव काढू दिलं नाही.

"पुतळा जाळला आन दुसऱ्या दिशी पोरगं दारात हुबं ऱ्हायलं म्हंजी?" ती विचारायची. "जित्याला आग दिली म्हणायची? मंग त्याला घरात घ्यायचा का न्हाई, ते सांगा कुनीतरी." ज्याचा पुतळा जळला तो घराला मेला, मग तो हातीपायी धड परत येवो नाहीतर न येवो. ती रीतच होती.

अमोघला वाटलं होतं, फोन कोणाला तरी काठावर मिळाला असेल, तो वाळवून वापरत असेल आणि रोज या रस्त्याने घरी जात असेल. दोनचार दिवस तो आणि बहिरू दिवेलागणीला गेटात उभे राहिले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि आत डब्याच्या पानावर शेखरच्या फोनचं नाव येऊन बसलं होतं. तेव्हापासून अमोघही त्या विषयावर कमी बोलायला लागला.

या सगळ्यात फरफट झाली ती वैष्णवीची. शेखरची बायको. कोळवणची, बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली पोर. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोवर हे असं. तिला माहेरी जायची बंदी, कारण चंद्राबाईचा दंडक होता, "नवरा घरी यायच्या येळंला बायको घरात पायजे." रोज अंधार पडायच्या आधी माजघरात शेखरचं ताट मांडायचं आणि तिने समोर बसायचं. हातभर हिरव्या बांगड्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. समोर कोणी नाही. डब्याचा दिवा मात्र लुकलुकायला लागायचा, की सासू म्हणायची, "आला बघ."

शेखर तिला आवडायचा. तिला त्याची खूप आठवण यायची, आंघोळ करताना तोंडात पदर घालून रडायची ती. पण ते ताट मांडलं की तिला तिथून उठून पळावंसं वाटायचं, आणि आपल्याच नवऱ्याची भीती वाटते म्हणून स्वतःची लाजही वाटायची. हे बोलायचं कोणाजवळ?

चैत्रात शेजारच्या गोजराबाईकडं हळदीकुंकू होतं. गोजराबाई एकेकीला कुंकू लावत वैष्णवीपाशी आली आणि तिचं बोट हवेतच थांबलं. लावावं की न लावावं. बाई बिचारी घाबरून इकडंतिकडं बघायला लागली, आणि शेवटी पुढच्या बाईकडं सरकली. वैष्णवी उठली ती तडक घरी आली. सासू भाजी निवडत होती.

"आत्याबाई, एकदाचं काय ते ठरवा," ती म्हणाली. "मी सवाशीण हाय का न्हाई? असेन तर तसं सांगा, नसेन तर पुसते कुकू. ह्ये मधीच लोंबकळणं मला सोसवत न्हाई आता."

सुनेने असा आवाज कधी चढवला नव्हता. चंद्राबाईने हातातली देठं मोडून टाकली. मग म्हणाली, "त्या इंजिनेरला इचार. फोन येतोय, तर काय बोलतोय त्ये ऐकता येतं का. माजा शेखर जिता हाय आसं त्यातनं निगालं तर पुतळा न्हाई. न्हाई निगालं तर येत्या अवसंला करा काय करायचं त्ये. मी आडवी यायची न्हाई."

अमोघने डोकं खाजवलं. ऐकता येतं, म्हणाला. त्याच्या लॅपटॉपवर वायरशार्क नावाचा प्रोग्रॅम होता. हवेतून जे जे जातं ते सगळं तो पकडून ठेवायचा, फक्त कुलूप लावलेलं. पासवर्ड दिला की कुलूप निघतं. पासवर्ड वैष्णवीला ठाऊक होता. तिचंच नाव होतं ते, आणि सासूसमोर ते सांगताना तिचे कान तापले.

पहिल्या दिवशी अमोघला ऑफिसातून यायला उशीर झाला. तो बसेपर्यंत फोन येऊन बसलेला होता. पकडलेल्या ओळींवरून ओळी पडद्यावर सरकत होत्या. पासवर्ड घातला तशा पुष्कळशा उघडल्या. तिसऱ्या खोलीतला, आत्ताच घरी आलेला एकनाथ लग्न जमवायच्या वेबसाइटवर मुलींचे फोटो बघत होता, एकीवरून दुसरीवर.

"ह्ये काय?" चंद्राबाईने मान पुढं काढली.

"ते दुसऱ्याचं आहे काकू. आपण बघू नये," म्हणून अमोघने ते झटकन बंद केलं.

शेखरच्या फोनच्या ओळी मात्र होत्या तशाच राहिल्या. नुसती अगम्य अक्षरं. अमोघने पासवर्ड पुन्हा घालून बघितला, मग कपाळावर हात मारून घेतला. "माझीच चूक. हा आत यायच्या आधीपासून ऐकायला हवं होतं."

"म्हणजे?" वैष्णवीने विचारलं.

"फोन दारात आला की तो आणि डबा चार वेळा एकमेकांशी बोलतात, वहिनी. त्या चार बोलण्यांतून त्या भेटीपुरती एक किल्ली तयार होते. ती चार बोलणी आपण ऐकली नसतील, तर पासवर्ड माहीत असून काही उपयोग नाही. एक करता येईल. इथूनच त्याला एकदा बाहेर काढतो. तो परत आत येईल, तेव्हा सापडेल."

चंद्राबाई ताडकन उठली. "दिवेलागणीला? दारात आलेल्या माज्या लेकाला तू भाईर काडनार?"

दिवेलागणीला त्या घरातून भिकाऱ्यालासुद्धा हाकलत नसत. अमोघ वरमला, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून दुपारपासूनच लॅपटॉप मांडून बसला.

लाईट गेलेली होती. बाहेर अजून उजेड होता, पण माजघरात मावळतीची सावली भरली होती. ताट मांडलं होतं. बहिरू उंबऱ्यावर गुडघे धरून बसला होता. अमोघने वैष्णवीला पडद्यावरचा एक आकडा दाखवून ठेवला. जे बोलतंय ते किती लांब आहे, ते त्या आकड्यावरून कळतं. ऐंशीच्या आसपास म्हणजे लांब, रस्त्यावर. उतरत तीसवर आला म्हणजे हातभर अंतरावर.

ती त्या आकड्याकडं बघत बसली. ऐंशी आला. चार बोलणी झाली आणि कुलूप उघडलं. मग सत्तर, पासष्ट. बहिरूने मान वर करून गेटाकडं बघितलं. तिथं कोणी नव्हतं. पन्नास. म्हणजे ओटा. बहिरू उंबऱ्यावर होता तो न बोलता एका बाजूला सरकला, कोणाला तरी वाट द्यावी तसा, आणि आपण का सरकलो हे त्याचं त्यालाच कळलं नाही. चाळीस. तीस. मग आकडा हलायचा थांबला. ताट वैष्णवीपासून हातभर लांब होतं. तिने पाय जवळ ओढून घेतले.

"काय म्हनतोय?" चंद्राबाईचा आवाज चिरका झाला होता. "वाच की रं."

अमोघने पडद्यावर बोट ठेवलं. "पहिल्यांदा म्हणाला, मला माझा जुनाच नंबर द्या. सात. डब्याने सांगितलं, घे. मग..." तो थांबला. "मग त्याने सगळ्यांना विचारलं. सात नंबरावर दुसरं कोणी आहे का? तीनदा विचारलं."

"मंग?"

"कोणी उत्तर दिलं नाही. मग तो सातवर बसला. आता नुसता आहे. काही बघत नाही, काही लिहीत नाही."

"आन जिता हाय का?"

"काकू," अमोघ अगदी हळू म्हणाला, "नंबर घेणारा प्रत्येक फोन असंच विचारतो. माझासुद्धा. हा फोन कुठून येतोय आणि कोणाच्या हातात आहे, ते मला यातून वाचता येत नाही."

चंद्राबाई उठून आत गेली. तिच्या मनाजोगं निघालं नव्हतं, आणि अगदी उलटंही निघालं नव्हतं. बहिरू म्हणाला, "परवा अवस हाय," आणि तोही उठला.

वैष्णवी बसून राहिली. "भाऊजी," ती म्हणाली, "कुणी उत्तर दिलं तर?"

"कोणत्याही मशीनला सात नंबर लावून ठेवला की ते आपोआप उत्तर देतं. मी आहे म्हणून. मग आलेला फोन तो नंबर नाकारतो. बहुतेक दुसरा मागून घेतो."

"आन हा?"

अमोघने खांदे उडवले. वैष्णवीला रात्रभर झोप लागली नाही. शेखर रोज घरी येतो, आपल्या जागेवर कोणी आहे का विचारतो, आणि आपण सगळे तोंडाला कुलूप घालून बसतो, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. त्याला आत यायचं आहे की सुटायचं आहे हे कोणी त्याला विचारलंच नाही. आणि मलाही कोणी विचारलं नाही.

सकाळी अमोघ कामाला निघाला, तेव्हा तिने त्याच्याकडून लॅपटॉप मागून घेतला आणि त्याला सात नंबर लावायला सांगितला. ऐकायचं काम तसंच चालू राहील अशी जोडणीही त्याने करून दिली, कोणत्या ओळी कुठं दिसतील ते समजावलं. काकूंना विचारलंत का, म्हणाला. विचारते, ती म्हणाली. पण दिवसभर तिची जीभ काही उचलली नाही.

दिवेलागणीला चंद्राबाई ताट घेऊन आली आणि थबकली. "आज इंजिनेर न्हाई, मंग ह्ये हितं कशाला मांडलंय?"

"सात नंबर घेतलाय मी, आत्याबाई."

चंद्राबाईला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा बघवेना. "काड त्यो. आत्ताच्या आत्ता काड. त्याच्या जागेवर बसतीस? तुला लाज न्हाई वाटत?"

"वाटते. पण ते रोज इचारतायत आत्याबाई, आन आपण रोज गप बसतोय." वैष्णवीला हुंदका आवरेना. "एवढ्या पाण्यातनं येऊन तीनतीनदा इचारतायत ते. त्यांना कुणीतरी सांगायला पायजे ना? तुमी सांगाल? मला सांगा, तुमी सांगणार असाल तर मी काढते नंबर."

चंद्राबाईचा हात लॅपटॉपकडं गेला होता. तो तसाच राहिला. पडद्यावर ऐंशी आकडा आला होता.

दोघीही एकमेकींना धरून खाली बसल्या. सत्तर. साठ. पन्नास. बहिरू पौडला गुरुजींकडं गेला होता, त्यामुळं उंबऱ्यावर कोणी नव्हतं, वाट मोकळीच होती. तीस. वैष्णवीने या वेळी पाय जवळ ओढले नाहीत.

ओळी उमटल्या. मला सात द्या. घे. मग तो प्रश्न, सात नंबरावर कोणी आहे का? आणि त्याच्या खाली, तिने काही न दाबता, लॅपटॉपचं उत्तर उमटलं. आहे. सात माझ्याकडं आहे.

मग बराच वेळ काहीच आलं नाही. वैष्णवीला वाटलं, आपण घोर पाप केलं. तिला तो दिसत नव्हता, पण शेखरला काही मनाविरुद्ध घडलं की खालचा ओठ दातांत धरायची सवय होती, आणि आत्ता तो तसाच बसलाय असं तिला पक्कं वाटलं. "माफ करा ओ मला," ती ताटाकडं बघत म्हणाली.

पडद्यावर एक ओळ आली. डिक्लाइन. बी.कॉम. झालेल्या पोरीला त्या शब्दाचा अर्थ कोणी सांगायला नको होता.

"काय म्हनला?" चंद्राबाईने विचारलं.

"सात नंबर नको म्हणाले."

"दुसरा मागितला का?"

वैष्णवीने वाट बघितली. दुसरा नंबर त्याने मागितला नाही. आकडा मात्र हलला. तीसचे पस्तीस झाले, मग चाळीस. "निघाले आत्याबाई," ती म्हणाली.

चंद्राबाई उठली. पदर खांद्यावरून घेतला, पायात वहाणा सरकवल्या. घरातून कोणी लांबच्या प्रवासाला निघालं की ती त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला जायची, उंबऱ्यातूनच निरोप देणं तिला जमायचं नाही. "मला सांगत ऱ्हा," ती म्हणाली. "कुटवर गेला त्ये सांगत ऱ्हा."

वैष्णवी लॅपटॉप उचलून खिडकीत उभी राहिली आणि तिथून मोठ्याने सांगायला लागली. "आता ओट्यावर हायेत." चंद्राबाई ओट्यावर थांबली. "आता उतरले." चंद्राबाई पायऱ्या उतरली. तिची पावलं हळू पडत होती, बरोबर चालणाऱ्याच्या बेताने. मध्येच ती काहीतरी बोलतही होती. काय बोलत होती ते खिडकीपर्यंत आलं नाही. "आता गेटात. आता रस्त्यावर लागले." चंद्राबाई रस्त्याला लागली. संध्याकाळच्या त्या राखाडी उजेडात ती एकटीच बाई चालली होती, थोडी एका अंगाला सरकून, शेजारी कोणासाठी तरी जागा ठेवून. ऐंशी. पंच्याऐंशी. मग आकडा यायचाच बंद झाला.

आकडा परत येतो का ते वैष्णवीने बघितलं. शेवटी ती ओरडून म्हणाली, "गेले, आत्याबाई."

चंद्राबाई रस्त्यातच उभी राहिली. तिने मागं न बघता, मुळशीकडच्या अंधाराकडं तोंड करून विचारलं, "मागं वळून बगितलं का गं त्यानं?"

वैष्णवीने पडद्याकडं बघितलं. तिथं आकड्यांशिवाय काही नव्हतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत आकडेच होते, आणि आतापर्यंत तिने सासूला जे जे वाचून दाखवलं ते अक्षरन् अक्षर खरं होतं.

"व्हय आत्याबाई," ती म्हणाली. "दोनदा बघितलं."